चुक्की

सहावीचा वर्ग, खानापूरच्या अलीकडं,
कौलांच्या बंद पडलेल्या कारखान्यामागं.
फळ्यावर खडूनं टिंब दिलं
आणि सांगितलं, हा बिंदू.
ह्याला लांबी नाही, रुंदी नाही, जाडी नाही.
फक्त जागा आहे.

मष्णू ओमाणी मागच्या बाकावरून उठला,
फळ्याला नाक लावून आला.
'बाई, रुंदी दिसूलाल्या की.
मुंगीएवढी तरी हाय.'
मी खडू पायरीच्या दगडावर घासला, टोक काढलं.
पुन्हा टिंब. पुन्हा मष्णू.
'आता मुंगीच्या पिलाएवढी.'

शिवलीला घरी कानडी बोलते.
ती हळूच म्हणाली, 'चुक्की.'
वर्ग फुटला. चूक! बाईंची चूक काढली!
तिचे कान लाल.
दारातल्या रांगोळीचा ठिपका तिच्या आईची चुक्की,
आभाळातली चांदणीही चुक्कीच.
मी म्हटलं, हसू नका, दोन्ही खरं आहे.
फळ्यावरची चुक्की थोडी चूकच असते.
खरा बिंदू तिच्या पोटात कुठंतरी,
आणि तो मला दाखवता यायचा नाही.

दुसऱ्या दिवशी जैनबी तिच्या अब्बांची सुतळी घेऊन आली,
गवंड्याची, निळीत बुडवलेली.
एक टोक तिच्याकडं, एक मष्णूकडं,
व्हरांड्याच्या फरशीवर ताणून धरली.
मी मधोमध चिमटीत उचलली आणि सोडली.
टण्‌.
सुतळी गुंडाळा, म्हटलं. रेषा राहिली.
आणि ती तुमच्या बोटांपाशी थांबलेली नाही.

'मग कुठवर?'
मुतारीच्या भिंतीतून,
काजूच्या झाडांतून, लोंढ्याचे रूळ ओलांडून,
घाटाला न जुमानता समुद्रावर.
'आणि हिकडनं?'
मलप्रभा, मग बैलहोंगलचा जोंधळा,
पुढच्या गावांची नावं मलाही येत नाहीत.
'वळत न्हाई कुठंच?'
नाही.
'दमत न्हाई?'
ह्याचं उत्तर पुस्तकात नव्हतं.

गुंडूनं बांधाचं काढलं.
त्यांचा नि चुलत्याचा बांध वीतभर रुंद,
त्यावर गवत, गवतावरनं दरसाल डोकी फुटतात.
'तो रेषा न्हवं मग?'
नव्हे. ज्याच्यावर गवत उगवतं ती रेषा नव्हे.
नकाशाचं कुणी विचारलं नाही.
तो कोपऱ्यात गुंडाळी होऊन उभा होता,
मीही त्याला हलवलं नाही.

किरण शिवलीलानंच सांगितला:
चुक्कीतनं निघतो आणि माघारी येत नाही.

मग भट्टीवरची वीट आणली.
हाताखाली खरखरीत, एका बाजूला कुणाच्या तरी अंगठ्याचा ठसा.
हा सपाट भाग चारी बाजूंनी वाढवत न्या मनात,
कधीच संपू देऊ नका, ते प्रतल.
ही कड रेषाखंड, दोन टोकांत अडकलेली.
कडा बारा. कोपरे आठ, मी म्हटलं.
'दहा,' मष्णू म्हणाला.
एक कोपरा टवका उडून तिरका कापला गेला होता,
जिथं एक टोक होतं तिथं तीन झाली होती.
मी दोनदा मोजलं. दहाच.
'फुटल्यावर वाढलं की हो, बाई!'
सगळे विटेवर झुकले,
जैनबीच्या बोटांची नीळ त्या तिन्ही टोकांना लागली.

शनिवारी चाचणी घेतली.
प्रश्न पहिला: बिंदू म्हणजे काय?
गुंडूनं पाठ केलेलं उतरवलं, अनुस्वारासकट.
शिवलीलानं लिहिलं, आईला विचारून सांगते.
मष्णूनं उत्तराच्या चार ओळी कोऱ्या सोडल्या
आणि खाली, अगदी तळाला:
'जागा हाय.'

गुण द्यावेत की नाही,
विचार करत लाल पेन कागदावर टेकवून बसले.
उचलला तेव्हा
तिथं एक टिंब उमटलं होतं,
मुंगीएवढं.