उजव्या पुढच्या चाकापाशी

गुरुवारी तपासणी. आज मंगळवार.
केमीत एप्रिल म्हणजे फाटकाशी राखाडी बर्फाचा ढीग
आणि हिवाळाभर रस्त्यावर पेरलेलं मीठ
गाडीच्या पोटात उगवून आलेलं.

मी पुठ्ठ्यावर, पाठीवर आडवा.
नट काल रात्रीच निघाला, गुणी मुलासारखा,
कॉफीच्या डब्यात टाकला आणि विसरलो.
घोडं अडलंय ते बोल्टपाशी.

तो फिरतो, तेच तर फसवं.
पाव वळसा येतो, वाटतं सुटला,
पान्यावरचा हात सैल केला
की रबर त्याला परत ओढून घेतं
होता तिथे.
बुशच्या आतली नळी आणि तो
गंजाने एकजीव झालेत, कोण कुठे संपतं कळत नाही.

तेल पाजलं. वाट पाहिली. पुन्हा पाजलं.
हातोड्याचे घाव मोजायचे सोडून दिले.
डोक्याला सहा कोन होते,
आता चार, तेही उदारपणे मोजले तर.
टॉर्च लावली: रबर पेटलं, काळा वास नाकात बसला.
सुंभ जळाला. पीळ तसाच.

मग मी त्या माणसाला शिव्या द्यायला लागलो
ज्याने हा बसवला.
आंधळा असेल. घाईत असेल. प्यालेला असेल.
बोटभर ग्रीस लावायला त्याच्या बापाचं काय गेलं असतं?
शेजारचा कुत्रा ऐकत होता,
त्याने उत्तर दिलं नाही.

राइली आली ढिगावरून, पाय रोवत,
गळ्यात कानावरची टोपणं, हातात स्वतःचा ग्राइंडर.
कागद कारखान्यात चौतीस वर्षं, आता बहात्तरची.
नमस्कार नाही, चमत्कार नाही.
खाली वाकून बघितलं, म्हणाली,
‘याची समजूत काढत बसलास होय?’
आणि मला पुठ्ठ्यावरून उठवलं.

आधी एक बाजू, मग दुसरी,
बुश आणि ब्रॅकेट यांच्या फटीत, नखाएवढ्या जागेत.
ठिणग्या बर्फावर पडत होत्या, चुर्र होऊन विझत होत्या.
मी दिवा धरला. तेवढंच जमण्यासारखं होतं.
दोन तुकडे टणकन पडले,
आणि आर्म खाली आला, थकलेल्या हातासारखा.
कापलेल्या तोंडावर पोलाद अगदी नवं,
निर्लज्ज चकाकत होतं.

नव्या नटाचं माप जुळवायला
तिने कॉफीचा डबा उपडा केला.
अंगठ्याने काळपट पुसलं.
‘हे काय?’

लाल रेघ. नटावर, आडवी.
नेलपॉलिश.

आवळून झालेल्या प्रत्येक नटावर मी अशी रेघ ओढत असे,
म्हणजे आवळलाय हे कळावं.
बाटली मार्केत्ताची, न्हाणीघराच्या फळीवरची.
आठ वर्षांपूर्वीचा जून, तळ्याकाठच्या घरी निघायची घाई,
ती गाडीत बसून हॉर्न वाजवत होती,
आणि ग्रीसचा डबा होता तिथेच,
हाताच्या अंतरावर.

मार्केत्ता आता तांपेरेला असते. बाटलीही तिच्याबरोबर गेली.

राइली हसली नाही.
हसली असती तर बरं झालं असतं.

नवा बोल्ट मी इतका माखला
की कोपरापर्यंत तांबूस झालो.
आवळायला गेलो तर तिने मनगट धरलं:
‘टांगलेली असताना नको.
आधी चाकांवर उभी कर, वजन येऊ दे तिच्यावर.
अधांतरी आवळलंस तर रबर
जन्मभर पिळलेलं राहील.’
हे मला कोणी सांगितलं नव्हतं.
की सांगितलं होतं, हॉर्न वाजत असताना.

साडेनऊ वाजले तरी उजेड होता.
जॅक उतरवला. गाडीने पाय टेकले.
शेवटचा ताण दिला, पान्याने टक् केलं.

राइली घरी जाऊन परत आली.
‘नातीची आहे,’ म्हणाली,
आणि जांभळी बाटली हातात ठेवली, चमकी असलेली.

मी रेघ ओढली, जाड, वाकडी.
तिने खाली तारीख टाकायला लावली.
पुढच्या वेळी शिव्या कोणाला द्यायच्या
यात घोळ नको, म्हणाली.