हुपरीत, ऑफच्या दिवशी

दीड वाजताची एसटी.
मागच्या सीटवर मी, आणि पोत्यातून मान काढून बसलेलं
कुणाचं तरी कोंबडं.
कोल्हापूर कुठं संपलं ते कळलं नाही,
उसाची पाती खिडकीला लागायला लागली एवढंच.
ऑफचा दिवस. झोपायला हवं होतं.

पर्समध्ये पैंजण, रुमालात गुंडाळलेले,
आणि रुमालातसुद्धा बोलणारे.

उतरले तर गाव जेवून लवंडलेलं.
टपरीवर पालथे ग्लास,
एक म्हैस रस्ता ओलांडता ओलांडता
मध्येच विचारात पडलेली.
हुपरी म्हणजे चांदी, घरोघर घुंगरं, असं ऐकून होते,
वाटलं होतं गावभर छुमछुम असेल.
तर कुठं काही नाही.
उघड्या दारांतून फुंकणीचा श्वास,
चिमट्याची टिकटिक,
आणि मांडीकडे बघत बसलेल्या बायका.

राजमती चौगुल्यांचं घर कुणीही दाखवतं.
"बसा की," म्हणाल्या, मान न उचलता.
पत्र्याच्या ताटलीत घुंगरांच्या अर्ध्या वाट्या,
ज्वारीच्या दाण्याएवढ्या, अजून मुक्या.
एकीत खडा टाकायचा, दुसरी वर ठेवायची, डाख लावायचा.
मग ते बोलायला लागतं.

मी पैंजण पुढं केले. म्हटलं, आवाज काढून हवाय.
त्यांना वाटलं, वाजत नाहीत.
मी मोठ्यानं म्हटलं, वाजतात. वाजायला नकोत.
सीपीआरला रात्रपाळी असते, पेशंट जागे होतात
असं इन्चार्जबाईंचं म्हणणं.
"मग काढून ठेवा की घरात."
ठेवले होते, मावशी. दोन रात्री.
पाय दुसऱ्या कुणाचे वाटायला लागले.

तेव्हा मान वर झाली.
"चाळीस वर्सं झाली आवाज भरतोय.
काढायला आजपत्तर कोण आलं न्हाई."
आणि चिमटा घेतला.

घुंगरू सुटून ताटलीत पडायचं,
त्या उचलून पुढच्या दाताशी धरायच्या,
नखानं टिचकी, डोळे मिटलेले.
बारीक आवाज कानांना पोचत नाहीत आता.
"हाडातनं ऐकू येतंय अजून. ह्ये चांगलं.
ह्ये कुणीतरी घाईत केलंय."
छत्तीस घुंगरं त्यांनी अशी ऐकली.
मी मोजली. मोजायची सवय आहे, थेंब, नाडी.

सून चहा ठेवून गेली, जाताना
उंबऱ्याशी साचलेला केर कुंच्यानं भरून डब्यात घातला.
इथं केर टाकत नाहीत, त्यात चांदी असते.
मला आमच्या वॉर्डातला पहाटेचा केर आठवला,
कापूस, औषधांची पाकिटं,
कुणाच्या तरी देवाचा अंगारा.
बोलले नाही.

मजुरी घेतली नाही. "केलं काय मी? मोडलं."
घुंगरं वजन करून पुडीत बांधली,
वहीत माझं नाव, नावापुढं
ग्रॅम, आणि शेवटच्या रकान्यात
"आवाज परत दिला."

पाचच्या गाडीत पुडी खड्ड्याखड्ड्याला बोलत होती.
कंडक्टरनं दोनदा वळून पाहिलं.

दुसऱ्या रात्री वॉर्डात फिरले.
पाय माझेच, चाहूल कुणाचीच नाही.
चौदा नंबरचे आजोबा छताकडे बघत पडलेले.
माझ्या दोन चकरा झाल्यावर म्हणाले,
"आज कुणाची ड्यूटी हाय?
मघापासनं वाट बघतोय, कोण फिरकंनाच."
मी त्यांच्या पायाशी उभी होते.

तीन वाजता, सलाईन बदलून झाल्यावर,
स्टोअरच्या दाराआड पुडी सोडली,
एक घुंगरू दाताशी धरलं,
टिचकी मारली.

कवटीभर वाजलं.
कुणी जागं झालं नाही.