जास्तीचं बटण

दांडी बाबांची, बटण माझं.
असा करार होता
शहाऐंशीच्या नोव्हेंबरात, ओस्ट्राव्यात,
चौथ्या मजल्यावर, जिथे खिडकी पुसली की
फडक्यावर कारखाना यायचा.

खेळ व्हिएन्नाहून आला होता,
ओल्द्रिख मामाच्या बॅगेत, दोन स्वेटरांच्या मधे.
सीमेवरच्या शिपायाने म्हणे तो कानाशी धरून
टिचकी मारून पाहिला, कलिंगड पाहावं तसा.

काळा चौकोनी डबा, मधे रबरी दांडी,
डाव्या कोपऱ्यात एकच लाल बटण,
डाव्या अंगठ्यासाठी.
बाबांना नेमका तोच नव्हता.

लेथने नेला होता, मी जन्मायच्या आधी.
कुणी विचारलंच तर सांगायचे,
"कुठल्या तरी पुलात आहे तो,
चांगल्या प्रतीच्या पोलादात."
आई म्हणायची, निदान जेवताना तरी नको.

पहिल्या रात्री त्यांनी करंगळीने करून पाहिलं,
मग हनुवटीने,
मग डबा गुडघ्यांत धरून कोपराने.
परग्रहावरचे लोक उतरत राहिले
रांगेने, शिस्तीत, मे दिनाच्या संचलनासारखे,
आणि बाबा सात मिनिटांत तीनदा मेले.

तिसऱ्या दिवशी कामावरून आले ते
जेवणाचा डबा खुळखुळवत.
त्यात साबणाची पेटी,
मोडीत काढलेल्या लिफ्टचं बटण, त्यावर ६ हा आकडा,
आणि अडीच मीटर टेलिफोनची तार.
ओट्यावर वर्तमानपत्र अंथरलं, कथिलाचा डाख दिला,
घरभर तो गोडसर जळका वास.
दांडीच्या डब्याला भोक पाडून तार आत घातली.
"धर," म्हणाले. "मी चालवतो, तू मार."

मी सात वर्षांची. आमच्या इमारतीला चारच मजले.
सहाव्या मजल्यावर काय असेल
असा विचार करत मी मारत सुटले.

खेळताना आम्ही बोलायचो नाही.
त्यांचा उजवा खांदा जरासा खाली गेला
की जहाज कुठे निघालंय ते कळायचं.
श्वास धरला, म्हणजे थांब.
सोडला, म्हणजे आता.
आईला वाटायचं, आमचं भांडण झालंय.

पुढे मी ब्रनोला गेले, शिकायला, मग तिथेच.
फोनवर हवा कशी आहे, बूट घेतलेस का.
एकदा मी विचारलं, खेळता का हो अजून?
"छे," म्हणाले, "एकट्याने कसं खेळणार."
मला ते अंगठ्याबद्दल वाटलं.

मार्चमध्ये ते गेले.
हत्यारांच्या खणात, तेलकट कागदात गुंडाळलेलं
एक पेडल निघालं.
शिवणयंत्राची स्प्रिंग, खाली पोलादी पत्रा,
वर पाय घसरू नये म्हणून सायकलच्या ट्यूबचा तुकडा.
दाबलं की टक. सोडलं की टक.
काठ इतके गुळगुळीत, की बाबांशिवाय कुणाचे असणार.
तळाला तारीख कोरलेली,
बाबा केलेल्या प्रत्येक गोष्टीवर कोरायचे तशी:
१२. ११. ८६

मी साबणाची पेटी उलटी केली.
१४. ११. ८६

पेडलच्या दोन्ही टोकांना
कथिलाचा थेंबही लागलेला नव्हता.

ओलोमोउत्सहून एक पोरगा आला, व्रातिस्लाव,
जुने खेळ गोळा करणारा. हातमोजे घालून आला.
"भोक पाडलंय," हळहळला, "त्याने किंमत उतरते."
चालतंय का पाहू, म्हणून दांडी घेऊन बसला,
आणि मी, न ठरवता, पेटी घेऊन शेजारी.

चांगला खेळायचा. पण त्याचा खांदा
काही म्हणजे काही बोलेना.
श्वास तर तो सतत घेत होता.
मी दाबत राहिले, प्रत्येक वेळी उशिरा.

"हे जास्तीचं बटण बिघडलंय बहुतेक,"
तो म्हणाला.

असेल, म्हटलं.