पथारीवर

दिवाळी सरली की नंदुरबारबाहेर मिरचीच्या पथाऱ्या पडतात
आणि झुलालमामा नवी चाल बांधायला घेतो.
एकतीस वर्षं हे असंच.
तुळशीचं लग्न लागायच्या आत चाल तयार पाहिजे,
नंतर नुसत्या तारखा, जीप, शहादा, तळोदा, नवापूर,
वरमाईचे रुसवे, पाकिटात कमी निघालेले पैसे.

चाल पहिल्यांदा ऐकायची मी एकट्याने.
गावात वाजवली तर दुसऱ्या बँडचं पोर भिंतीआड उभं असायचं,
म्हणून पथारीच्या टोकाला, जिथं
तोंडाला फडकं बांधल्याशिवाय कुणी टिकत नाही.
मामा क्लॅरनेटची पत्ती जिभेवर भिजवायचा.
मी साइड ड्रम मांडीवर घ्यायचो.
एक शिंक त्याची, एक माझी, मग सुरुवात.

चांगली की वाईट, असं त्याने मला कधी विचारलं नाही.
तो माझ्या हातांकडे बघायचा.
हात चाचपडला, अडखळला, मग आपला आपण लागला
तर चाल राहिली.
शहाण्यासारखा गप्प बसला तर गेली,
आणि गेलेलीचं नावही काढायचं नाही.

(एक चाल धुळ्याच्या कुणीतरी कॅसेटीत घातली.
नाव दुसऱ्याचं. मामा बसस्टँडवर ऐकत उभा राहिला
चहा गार होईतो,
आणि म्हणाला, दुसऱ्या ओळीत घाई केलीय.)

यंदा
त्याने पत्ती भिजवली, शिंकला, सुरू झाला,
आणि वळण यायच्या आधी
माझा हात वळणावर जाऊन उभा.

हाताला माहीत होतं.
मला आठवायला आणखी चार मात्रा लागल्या:
हिलाल पाटलाच्या पोरीची वरात, रनाळ्याला,
जनरेटर बंद पडला, अंधारात वाजवली होती
हीच. एका सुराचाही फरक नाही.
आणि मामा तर डोळे मिटून हसत होता,
दरवर्षी नव्या चालीला हसतो तसा.

मी हात मागे ओढला.
मुद्दाम चाचपडलो, मुद्दाम अडखळलो.
तोंडाने पुष्कळ खोटं बोललोय, मालकाशी, बायकोशी.
हाताने पहिल्यांदा.

थांबायची आमची खूण ठरलेली आहे:
तो क्लॅरनेटचं तोंड आभाळाकडे करतो,
मी एक टोला देतो, सगळे बंद.
खूण झाली नाही. सूर नुसताच विरळ होत गेला.
"हाई नवी नही ना, आधार?"
मी म्हटलं, "थंडी शे मामा. हात आखडना."
"आखडता ते मांगे ऱ्हाता," तो म्हणाला.
"तुना पुढे गया."

पलीकडे सोमीबाई मिरच्या उलटत होती.
मधूनच एक उचलायची, कानाशी हलवायची.
आत बी वाजलं की तेवढा पट्टा वाळला,
नाहीतर अजून दोन ऊन.
आमच्याकडे तिचं लक्ष नव्हतं.
मामाने बराच वेळ तिला पाहिलं,
मग त्यानेही एक उचलली,
कानाशी नेली, हलवली, पुन्हा हलवली.
वाजली का नाही, मला कळलं नाही. मी ड्रमचे पट्टे आवळत होतो.

संध्याकाळी गफ्फारशेठचा फोन: नवी चाल कुठवर आली?
"शेतस त्या वाजाडू," मामा म्हणाला,
आणि फोन माझ्याकडे दिला, की पुढचं तू बोल.
मी काय बोलणार.
शेठच्या पोराच्या की-बोर्डात म्हणे दोनशे चाली भरलेल्याच येतात.

पहिलं लग्न शहाद्याला.
मामाने मागे वळून न बघता रनाळ्याची ती उचलली.
कुणी विचारलं नाही, नवी की जुनी.
घोडं बिचकलं, पोरं नाचली, कुणाचा तरी बूट हरवला.
वळणावर माझा हात आधीच पोचला.
ह्या वेळी तिथंच उभा ठेवला.
मामा मागून आला, सावकाश,
दुसऱ्या ओळीत जराही घाई न करता.