किल्ली

आविनोने पत्र्याचा डबा घेतला, कुलपासकट,
आणि किल्ली दिली नणंदेला,
पलीकडच्या बेटावर. बोटीचं भाडं तीनशे शिलिंग.

म्बिताच्या बाजारात मासळी विकून
संध्याकाळी तिचा हात सैल होतो,
सकाळी तोच हात कपाळाला.
"सकाळची मी शहाणी," ती म्हणते,
"पण पैसे येतात संध्याकाळी."

फटीतून नाणं पडतं. खण्.
कानाशी डबा हलवते:
आवाज रोज थोडा जड, थोडा बुजरा.

एकदा लाल चपला मनात भरल्या.
धक्क्यापर्यंत गेली. भाडं मोजलं.
जुन्या चपला काढून तिथेच बसली,
पाय पाण्यात सोडून,
बोट दिसेनाशी होईपर्यंत.

ओमोलोची फी ऑगस्टात.
नणंदेचा निरोप आला: किल्ली गंजतेय.

गंजू दे.