सुटे पैसे

वाळपईच्या आरोग्य केंद्रात, मंगळवारी,
दोघांनी उचलून त्याला दातांच्या खुर्चीत बसवलं.
खुशाली गावस, वय एकसष्ट.
झटका येऊन चार महिने. उजवी बाजू गेली
आणि जबडा मिटायचं विसरला.

मास्कमधूनही वास आला.
वरच्या दातांमागे, टाळूच्या खळग्यात
आधी नुसतं लाल, सुजलेलं मांस दिसलं.
मग मांस हललं.
माझ्या पुस्तकात हा आजार पानाच्या तळाशी होता,
दोन ओळींचा.

द्रौपदी भिंतीला टेकून.
“हांव दर दिसा ताचें तोंड पुसतालें, बाये.”
हे तिनं मला सांगितलं, मग नर्सला,
मग लादी पुसणारीला. कुणीच विचारलं नव्हतं.
दिवसभर ती काजूच्या कारखान्यात.
दिवसभर घरात तो, पंखा, उघडं तोंड.
माशीला काय, जागा ओली हवी.

टर्पेंटाइनचा बोळा खळग्याशी धरून
दहा मिनिटं थांबायचं असतं.
दहा मिनिटं फार असतात.
श्वास कोंडला की अळ्या आपणहून वर येतात.
चिमट्यानं ओढायचं नाही, तुटतात,
सैल पडू द्यायच्या:
हे द्रौपदीनं सांगितलं, पुस्तकानं नाही.
पंचवीस वर्षं ती गर निवडते,
किडका इकडे, पाकळी तिकडे, अख्खा डब्यात.
काजूच्या तेलानं काळवंडलेली तिची बोटं
ट्रे धरताना हलली नाहीत.
मोजलंही तिनंच. सदतीस.

सलाईननं धुतलं, सडलेलं खरवडलं,
वजन बघून गोळ्या लिहिल्या.
बुधवारी चौदा. गुरुवारी दोन.
शुक्रवारी बोळा अर्धा तास धरला,
कुणी आलं नाही.
कागदावर गोळ्यांखाली मी लिहिलं:
मच्छरदाणी. दुपारीसुद्धा.

हे तोंड आधी काय करायचं ते मग कळलं.
फोंड्याच्या खासगी बसवर तीस वर्षं कंडक्टर,
एक पाय पायरीवर, एक हवेत:
गुळेली, उसगाव-तिस्क, खांडेपार,
फोंडा फोंडा फोंडा!

शनिवारी जखम धुताना तो काहीतरी बोलला.
नर्स म्हणाली, पाणी मागतोय.
“न्हय,” द्रौपदी म्हणाली, “सुटे. सुटे काड म्हणटा.”
आणि इतकी हसली
की बाहेरच्या रांगेतले दोघे आत डोकावले.

पिशवी चाचपून तिनं पाचाचं नाणं
त्याच्या डाव्या तळव्यावर ठेवलं.
मूठ मिटली.
जबडा नाही. तो उघडाच,
आणि खिडकीच्या गजावर एक माशी,
पाय चोळत.
मी उठून खिडकी लावली.