खाटेला लावलेलं यंत्र

फेब्रुवारीच्या शेवटी वफ्र्याचे टोमॅटो इतके उतरतात
की फहाहीलच्या भाजीवाल्याला पेटी विकणं परवडतं, ठेवणं नाही.
पाव दिनारला एक.
मी चार घेतल्या.
दिलावर म्हणाला, कुणी शाप दिलाय का तुला?

यंत्र आधीच आणलं होतं, शुक्रवारच्या बाजारातून.
होम्सची एक बाई घर मोडून चालली होती लेकाकडे, जर्मनीला.
गालिचे, कुकरची बिनकुकरची झाकणं, आणि हे:
वर पांढरं नरसाळं, बाजूला लाल मूठ,
खाली टेबलाला आवळायचा स्क्रू.
ती तीन म्हणाली, मी एक म्हटलं.
दीडवर तिने माझाच हात धरून मूठ फिरवून दाखवली
आणि बोट नाचवत काहीतरी बजावलं.
त्यातलं कळलं ते एवढंच: मर्रतेन.
दोनदा.
काय दोनदा, ते विचारायला माझी अरबी पुरली नाही.

खोलीवर आलो तर टेबलच नाही.
सहा माणसं, तीन दुमजली खाटा, एक फ्रीज,
जेवायला जमिनीवर कालचा पेपर.
यंत्राला तर कड लागते.
अठरा वर्षं रिफायनरीत फ्लँज आवळतोय,
सूत-दोन सूत डोळ्यांनीच मोजतो मी:
खाटेचा आडवा पाइप बरोब्बर बसला.
खाट यादगिरीची. रात्रपाळी करून तो वर झोपलेला.

घाग म्हणाला, अरे, हे तर पुरणयंत्र!
पुरणयंत्र नव्हे,
पण त्याच्या नात्यातलं कुणीतरी नक्की.

शालनला फोन लावला, मिठाच्या बरणीला टेकवून ठेवला.
"कच्चे नका घालू. आधी जरा चरका द्या."
मग, "मूठ उलटी फिरवताय."
मग बराच वेळ ती नुसती बघत राहिली.
"शिमग्याला एवढं पुरण निघायचं घरात," म्हणाली,
"तुमचा हात कधी लागला नाही त्या दांड्याला."
म्हटलं, मी इकडे होतो ना.
"लग्नाआधीही? सासूबाईंनी सांगितलंय मला सगळं."
घाग भिंतीकडे तोंड करून हसला.

फिरवलं.
एका तोंडातून रस, पन्हळीवरून परातीत,
दुसऱ्यातून साली, बिया, चुरगळलेला चोथा.
खाट कुरकुरायला लागली.
यादगिरीचा आधी एक पाय खाली आला, मग यादगिरी.
आता शिव्या, असं वाटलं सगळ्यांना.
त्याने डोळे चोळले, चोथ्याचं पातेलं उचललं
आणि सगळा चोथा परत नरसाळ्यात ओतला.
का, ते तेलुगूत सांगितलं. आम्ही हो हो केलं.
या वेळी जे उतरलं
त्यापुढे पहिलं म्हणजे पाणीच.
दाट, हळू, मूठ जड करत येणारं.

मर्रतेन, मी म्हटलं.
तो म्हणाला, हां.

दुपारभर आळीपाळीने फिरवत होतो.
दिलावरने लसूण घातली, मिरची घातली, दक्कूस केला.
चौदा बाटल्या भरल्या, तेरा व्हिम्टोच्या
आणि एक खोकल्याच्या औषधाची,
जी शेवटपर्यंत कुणी उघडली नाही.

रात्री मनगट ठणकलं.
पाना फिरवून दुखतं तिथे नाही, जरा आत,
अठरा वर्षांत काहीच दुखलं नव्हतं अशा जागी.
शालनला सांगितलं.
"तिथेच दुखतं," ती म्हणाली
आणि फोन ठेवला. भात लागत होता तिचा.

जूनमध्ये यादगिरीचा व्हिसा संपला.
बियांची पुडी त्याने मोज्यात घालून नेली.
उगवलं का, विचारायचं राहूनच गेलंय.

त्याच्या खाटेवर आता देवरुखचा रुपेश.
आडव्या पाइपावर बोट फिरवत विचारतो,
इथला रंग कशाने गेला, काका?
टोमॅटोने, मी म्हणतो.
तो हसतो. म्हाताऱ्याचं काहीतरीच, असं.

येऊ दे फेब्रुवारी.